ताईची पक्की नोकरी

माझं गाद्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि त्याचा चेहरा जरा सैल पडला की भाव सांगायचा, असा माझा धंदा. लोकांना झोप विकणारा हा माणूस गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात स्वतः मात्र टक्क जागा असायचा, हे मी दुकानात कुणाला कळू दिलं नाही.

कारण माझी मुलगी. घरात आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. लहानपणापासून तिला "नाही" म्हटलं की "का नाही?" सुरू व्हायचं आणि समोरचा दमेपर्यंत चालायचं. बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले आणि जेवता जेवता ती म्हणाली, "माझं ठरलंय. मी फिजिक्स घेणार. पुढे संशोधनही त्यातच करणार."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या एखाद्या घरात अशा वेळी बापाची छाती फुगली असती. माझी नाही फुगली. कारण आमच्या घरात एक भौतिकशास्त्रज्ञ आधीच होती. माझी थोरली बहीण. तिचं सगळं मी जवळून बघितलेलं होतं.

आमचे वडील लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. ताई लहान असताना कधीमधी मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर जायची. शिकाऊ माणूस कचकन ब्रेक दाबायचा, ताई पुढच्या सीटवर जाऊन आपटायची आणि रडायचं सोडून विचारायची, "बाबा, गाडी थांबली तरी मी का नाही थांबले?" वडील म्हणायचे, "घट्ट धरून बस." पुढे शाळेत तिला त्याचं उत्तर मिळालं, आणि मग ती त्या विषयाला जी चिकटली ती चिकटलीच.

कॉलेजात ती पहिली आली. मग पीएचडी. तिथे तिला जी शिष्यवृत्ती मिळायची ती आमच्या दुकानातल्या गाद्या पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या कमाईपेक्षा कमी होती. हे मी ताईला कधी बोललो नाही. गाडीवाल्याला एकदा बोललो, तर तो अगदी काळजीनं म्हणाला, "मग त्या शिकतात कशाला?"

पीएचडी झाली तेव्हा आईनं सगळ्या आळीला सांगितलं, की आमची मुलगी डॉक्टर झाली. दोन शेजारणी रक्ताचे रिपोर्ट घेऊन आल्या. ताईनं ते नीट वाचले आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. हसलो आम्ही खूप. आम्हाला वाटलं, आता हिचं मार्गी लागलं. ताईलाही तसंच वाटलं असणार.

पण पक्की जागा एखादीच निघायची आणि तिच्यासाठी अर्ज शेकड्यांनी यायचे. ताईला मिळालं ते कंत्राट. आधी दोन वर्षांचं, दुसऱ्या शहरात. मग वर्षाचं, तिसऱ्याच गावी. मग पुन्हा दोन वर्षांचं. काम तिच्या आवडीचं होतं, प्रयोगशाळेतली माणसं चांगली होती. पण कंत्राटाचं शेवटचं वर्ष लागलं की ती बदलायची. मी एकदा तिच्याकडे राहायला गेलो होतो. दुकानात साबण घ्यायला उभे राहिलो, तर ती लहान वडी शोधत होती. मी म्हटलं, "मोठी घे की, स्वस्त पडते." ती म्हणाली, "मोठी संपायच्या आत मी इथे नसेन." तिच्या खोलीत एकही झाड नव्हतं, भिंतीला एक खिळा नव्हता. एक स्थळ आलं होतं, माणूसही तिला आवडला होता. त्यानं विचारलं, लग्नानंतर तुम्ही कुठल्या गावी असाल? तिला सांगता आलं नाही. तो तरी किती थांबणार?

तिची चाळिशी जवळ आली असताना त्या प्रयोगशाळेला मिळणारा पैसा बंद झाला. तिचे सर स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षाचं मी काहीच सांगू शकत नाही." ताई सामान घेऊन घरी आली. आली ती आधी दुकानात. एका नव्या गादीवर, प्लॅस्टिकचं वेष्टण काढलेलं नसताना, तशीच बसली. बराच वेळ ते प्लॅस्टिक तिच्याखाली चुरचुरत होतं. मग म्हणाली, "मला दुसरं काहीच येत नाही रे."

माझी ताई घाबरलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती आमच्यातली हुशार. आम्ही अडलो की तिच्याकडे जायचो.

त्यातून मार्ग निघाला तो असा. कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचे उपचार देतात. कुणाला, कुठे, किती किरणं द्यायची हे डॉक्टर ठरवतात, पण मशीनमधून तेवढीच बाहेर पडतात ना, हे मोजायला भौतिकशास्त्र शिकलेला माणूस लागतो. ताईनं निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून त्याचं वर्षभराचं शिक्षण घेतलं, मग एका ठिकाणी उमेदवारी केली आणि आमच्याच शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात लागली. पहिला पगार झाला तेव्हा तिनं मला आकडा सांगितला. मंदीच्या महिन्यात दुकानात माझ्या हातात पडतं त्याच्याहून जास्त होता तो. दोन वर्षं प्रोबेशन, मग कायम. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताईनं भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा भिंतीला खिळे मारले.

ते प्रोबेशन संपायला दोनेक महिने उरले होते, तेव्हा आमच्या वकीलबाईनं जेवताना बाँब टाकला.

मी ताईला फोन केला. "तू समजाव तिला."

"काय समजावू?"

"खरं काय ते सांग. किती वर्षं लागतात, किती पैसे मिळतात, जागा कशा असतात. सगळं."

"सांगते," ताई म्हणाली. "पण खरं ऐकून ती तुला हवं तेच ठरवेल, असं धरून चालू नकोस."

रविवारी ती आली. चहा झाला. मुलगी तिच्यासमोर मांडी घालून बसली. मी पेपर तोंडासमोर धरून जवळच बसलो. तो पेपर कालचा होता, हे बायकोनं नंतर सांगितलं.

"आत्या, पगार किती असतो?"

"कुठे लागतेस त्यावर. कॉलेजात पक्की जागा मिळाली तर चांगला असतो, घर चालतं, म्हातारपणाची सोय होते. ती मिळेपर्यंत तासावर शिकवायचं, सुट्टी लागली की पैसे बंद. कंपनीत बरा मिळतो. बँकेत सगळ्यात जास्त."

"बँकेत फिजिक्स कशाला?"

"फिजिक्स नाहीच लागत. आपल्याला गणित येतं म्हणून घेतात. पैसा किती बुडू शकतो, याचे हिशेब करायचे."

"तुझ्याबरोबर होते ते सगळे काय करतात आता?"

ताईनं एकेक आठवून सांगितलं. एकजणी प्राध्यापक झाली, तीही फार उशिरा. एकजण बँकेत गेला, त्याच्या घराला आतून जिना आहे. दोघे क्लास घेतात. एकजण इस्पितळांना यंत्रं विकणाऱ्या कंपनीत आहे, सारखा प्रवास करतो, पण खूश आहे. एकजणी हवामानाचे अंदाज काढते. काहींचा पत्ता नाही.

"आणि एकजण पीएचडी अर्धी टाकून गेला. हॉटेल चालवतो. आमच्यात सगळ्यात गुटगुटीत तोच आहे."

सगळे हसले. मला बरं वाटलं. ऐकलंस ना, असं मी पेपराआडून मनात म्हणालो. आमच्या वकीलबाईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे उपाशी कुणीच नाही."

"उपाशी नाही," ताई म्हणाली. "घाबरलेले मात्र सगळेच होतो. वर्षानुवर्षं. ते पगारात दिसत नाही."

मुलीचा चेहरा काही पडला नाही. तेव्हा मीच म्हटलं, "ताई, एक दिवस तिला तुझ्याकडे कामावर घेऊन जा. नुसतं ऐकून काय कळणार?" माझा डाव साधा होता. इस्पितळाचं तळघर, आजारी माणसं, जबाबदारी, हे बघून पोरगी आपोआप मागे फिरेल. ताईनं वरिष्ठांची परवानगी काढली आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मुलगी तिच्याबरोबर गेली.

पुढचं मी दोघींच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंय.

मशीन तळघरात होतं. भिंती इतक्या जाड, की आत गेल्यावर स्वतःच्या चपलांचा आवाजही वेगळा वाटतो, असं मुलगी म्हणाली. रुग्ण यायच्या आधी ताई तिला सगळं दाखवत होती. किरणं मोजायला पाण्याच्या टाकीत पेनाच्या टोपणाएवढी एक नळी बुडवतात. त्या नळीत हवा असते. हवा त्या दिवशी दाट आहे की विरळ, यावर मोजमाप थोडं बदलतं. म्हणून हवेचा दाब आधी बघून हिशेबात धरावा लागतो. तो दाब मोजायचं यंत्र तीन आठवड्यांपूर्वी तपासणीला पाठवलेलं होतं, ते नेमकं आदल्या संध्याकाळी परत आलं होतं. ताईनं खोकं उघडलं, यंत्र टेबलावर ठेवलं, आकडा बघितला आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"प्रवासात बिघडलंय वाटतं. मागच्या मोजमापाला धरला होता त्याहून फारच कमी दाखवतंय."

तिनं ते हलवून बघितलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये नेऊन बघितलं. आकडा हलेना. मग तिनं कॉम्प्युटरवर हवामान खात्याचं पान उघडलं. तिथला दाब खूप जास्त होता. ती त्या पानाकडे बघत राहिली, आणि मुलगी म्हणते, आत्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं. अगदी दिसलं.

"समुद्रसपाटीचा," ताई म्हणाली.

"काय?"

ताई खुर्चीवर बसली. यंत्र तपासणीला गेलेलं असताना महिन्याचं मोजमाप आलं होतं. तिचा जोडीदार, तिथला दुसरा भौतिकशास्त्रज्ञ, महिनाभराच्या रजेवर होता. रुग्ण खोळंबले होते. तिनं दाबाचा आकडा या पानावरून घेतला. पण हवामान खातं सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून दाब समुद्रसपाटीचा धरून सांगतं, आणि आमचं शहर आठ-नऊशे फूट उंचावर. तो आकडा इथला नव्हताच. त्यामुळे हिशेबात मशीन कमी किरणं देतंय असं निघालं. मशीन जुनं, असं होतं कधीकधी, असं तिला वाटलं, आणि तिनं मशीन तेवढं वाढवून ठेवलं.

"हे मी इथे शिकायला येणाऱ्या पोरांना शिकवलंय," ती म्हणाली. "नेमकं हेच. या आकड्याला फसू नका म्हणून."

"म्हणजे काय झालंय आत्या?"

"तीन आठवडे सगळ्यांना किरणं जास्त गेलीयत. शंभराला तीन."

"तीन म्हणजे फार असतं?"

"बहुतेकांना नाही. पण कुणाच्या मणक्याजवळ, कुणाच्या डोळ्याजवळ…" ती थांबली. "माहीत नाही मला."

बाहेर बाकावर पहिला रुग्ण येऊन बसला होता. एक निवृत्त पोस्टमन, घशाचा आजार. काचेतून ताई दिसल्यावर त्यानं नेहमीसारखा हात केला. ताईनंही हात वर केला. खाली आणताना तो थरथरत होता, तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

मुलगी हळूच म्हणाली, "आत्या, कुणाला कळेल का हे?"

"मी आत्ता मशीन होतं तसं करून ठेवलं तर नाही कळणार. कुणालाच." ताई तिच्याकडे न बघता बोलत होती. "दोन महिन्यांत मी कायम होणार होते गं."

मग ती उठून मशीन कमी-जास्त करायच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. मुलीला वाटत होतं, आत्या आता ते बटण फिरवणार, आणि फिरवलं तर आपण घरी काय सांगायचं? नाही फिरवलं तर आत्याचं काय होईल? शेवटी ताईनं फोन उचलला आणि मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितलं, "आज सुरू करू नका. मी सांगेपर्यंत कुणालाही आत घेऊ नका." आणि जिना चढून वर, विभागाचे प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. मुलगी बाहेर उभी राहिली. आतून मोठा आवाज आला नाही, रडण्याचा आला नाही, काहीच आलं नाही. तेच जास्त भीतिदायक होतं, असं ती म्हणाली. दार उघडून मोठे डॉक्टर बाहेर आले, त्यांनी हिला पाहिलं.

"ही कोण?"

"भाची माझी. काम बघायला आली होती."

"घरी पाठवा तिला."

मुलगी दुकानातच आली. चेहरा पांढराफटक. एका गिऱ्हाइकाला मी नुकतंच गादीवर निजवलं होतं; त्याला तसाच सोडून मी तिला मागच्या गोदामात नेलं. तिनं तिथे सगळं सांगितलं. बाहेर आलो तर गिऱ्हाईक गाढ झोपलं होतं. त्याला उठवायचंही मला सुचलं नाही.

ताई दुसऱ्या दिवशी घरी आली. मी विचारलं, "नोकरी?"

"माहीत नाही. चौकशी समिती बसणार आहे."

"पोलीस वगैरे?"

"माहीत नाही रे."

पुढचे काही आठवडे फोन वाजला की आमचं धाबं दणाणायचं. ताई रोज कामावर जात होती, पण मशीनला हात लावायची परवानगी तिला नव्हती. तिच्या जोडीदाराला रजेवरून बोलावून घेतलं. तो मोजायचा, आणि ही त्याच्या शेजारी बसून एकेका रुग्णाचा हिशेब नव्यानं मांडायची. ज्यांचे उपचार चालू होते त्यांची उरलेल्या दिवसांची किरणं थोडी कमी करून भरपाई होत होती. ज्यांचे उपचार त्याच तीन आठवड्यांत संपले होते, त्यांचं काहीच करता येत नव्हतं. त्यांना बोलावून सांगायचं आणि पुढे तपासत राहायचं. मोठे डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. ताई म्हणाली, मी बसणार.

ती बसली. एका रुग्णाची मुलगी तिच्या तोंडावर ओरडली, "तुमच्या भरवशावर आणलं होतं आम्ही आईला!" ताईनं मान खाली घातली नाही, असं ती सांगते. घालावीशी वाटत होती, पण मग त्या बाईला बोलायला समोर कोण राहिलं असतं? निवृत्त पोस्टमनला सांगितलं, तेव्हा त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जास्त गेलीयत म्हणता, मग लवकर बरा होईन का मी?" ताईला हसताही येईना, रडताही येईना. ती "नाही हो" एवढंच म्हणाली.

याच दिवसांत त्या बँकेतल्या मित्राला कुणाकडून तरी कळलं. त्याचा फोन आला तेव्हा ताई आमच्याकडेच होती. फोन ठेवल्यावर तिनं सांगितलं, "त्याच्याकडे जागा आहे. आत्ताच्या दुप्पट पगार. म्हणतो, इकडे ये, इथे चुकलं तर पैसे बुडतात, माणसं नाहीत."

"मग जा ना!" मी जवळजवळ ओरडलोच.

"पाच रुग्णांचे हिशेब राहिलेत," ती म्हणाली. "ते संपले की कळवते त्याला."

ते संपेपर्यंत बँकेतली जागा भरली. मी कपाळाला हात लावला. ताईला त्याचं किती वाईट वाटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

इकडे कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. आमची वकीलबाई घरात वाद घालेनाशी झाली होती. ताटातलं अर्धं तसंच टाकायची. एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार असं. आत्याचा हात थरथरत होता ना, ते डोळ्यासमोरून जात नाही. मी अकाउंट्सचा कोर्स घेऊ का?"

मला हवं होतं ते हेच. मी म्हटलं, "घे की. चांगला आहे." पण ते म्हणताना मला काही मोकळं वाटलं नाही. पोरगी इतक्या पटकन माझं ऐकतेय, याचीच मला धास्ती वाटली. ती आयुष्यात पहिल्यांदा "का?" न विचारता उठून गेली होती.

समितीचा निकाल होता त्या दिवशी ती ताईबरोबर गेली. मी नको म्हणालो होतो, तरी गेली. दोघी इस्पितळाच्या एका लांबलचक पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होत्या. ताईनं घरून डबा नेला होता, तो उघडला नाही. आत बोलावलं तेव्हा ती उठली आणि परत बसली. मुलीनं हाताला धरून तिला दारापर्यंत नेलं.

नोकरी राहिली. तिनं स्वतः होऊन सांगितलं, ही गोष्ट समितीनं लक्षात घेतली. पण प्रोबेशन एक वर्षानं वाढलं, पगारवाढ थांबली आणि तिच्या नावापुढे लेखी ताकीद लागली. शिवाय नवा नियम झाला, की महिन्याचं मोजमाप दोघांनी वेगवेगळं करायचं आणि जुळलं तरच मशीनला हात लावायचा. एकानं नाही.

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे जेवली. मुलगी आमटीत चमचा फिरवत बसली होती. एकदम म्हणाली, "बाबा, मी फिजिक्सच घेणार."

"अगं, पण तूच म्हणालीस ना…"

"म्हणाले. भीती वाटते, अजूनही वाटतेय. पण मी विचार केला. आत्याला फिजिक्स येत नव्हतं म्हणून चुकलं का? नाही. ती एकटी होती आणि घाईत होती म्हणून चुकलं. मग फिजिक्स का सोडायचं?"

वकीलबाई परत आली होती. मी ताईकडे बघितलं, तिनं काहीतरी बोलावं म्हणून.

"मी सगळं सांगितलंय तिला," ताई म्हणाली. "तू सांगितलं होतंस त्याहून जास्तच दाखवलंय. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं."

शेवटी आमचं एवढंच ठरलं, की फिजिक्सबरोबर कॉम्प्युटरचं काहीतरी असं शिकायचं, ज्याला बाजारात गिऱ्हाईक आहे. हा माझा हट्ट. दुकानदार आहे मी, एवढं तर मला कळतं. ती हो म्हणाली, पण तेही वाद घालूनच.

याला आता वर्ष होऊन गेलं. ताई गेल्या महिन्यात कायम झाली. आम्ही बाहेर जेवायला जाऊ म्हटलं, तर तिला त्या दिवशी एका जुन्या रुग्णाची तपासणी होती. ती तिथे थांबली. त्या तीन आठवड्यांतल्या कुणालाही अजून काही झालेलं नाही. "अजून" हा शब्द ती प्रत्येक वेळी लावते. किरणांचं काही सांगता येत नाही, कधीकधी वर्षांनी दिसतं.

मुलीचं पहिलं वर्ष बरं गेलं. एका पेपरात गटांगळ्या खाल्ल्या, एकात पहिली आली. आत्याशी तिचं दर दोन-चार दिवसांनी फोनवर बोलणं चालतं, त्यातलं मला काही कळत नाही. परवा मी तिच्या खोलीवरून जात होतो, दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी उभी राहून विचारत होती, "आत्या, आमच्या वर्गात खूप मुलं आहेत गं. यातली शेवटपर्यंत या विषयात किती राहतील? खरं सांग हं."

पलीकडून ताई बराच वेळ बोलत होती. मुलगी नुसती ऐकत होती, नखानं खिडकीचा रंग खरवडत. मी दाराबाहेर थांबलो. मग ती म्हणाली, "बरं. कळलं," आणि फोन ठेवून टेबलापाशी जाऊन वाचत बसली.

ताईनं किती सांगितले, हे मी विचारायला गेलो नाही.